कंसाबाहेरचे पॅरामीटर : सोलापुरातल्या एका बिलिंग प्रोग्रॅमचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी, टर्किश टॉवेल आणि नॅपकिन करणारा एक मध्यम कारखाना आहे. माल चाटी गल्लीतले व्यापारी उचलतात, शिवाय विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडेही जातो. बिलिंगचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रो ह्या डेटाबेस सांभाळणाऱ्या जुन्या भाषेतला. ज्यांनी लिहिला ते गृहस्थ केव्हाच पुण्याला गेले. त्यानंतर व्हॅट आला, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि दरवेळी जो हाताशी सापडला त्याने एक ठिगळ लावलं. सध्या हे काम सोलापुरातच बीसीए केलेली एक मुलगी बघते. हुशार आहे, पण फॉक्सप्रो तिने नोकरीला लागल्यावरच पहिल्यांदा पाहिलं. त्यात तिचा काय दोष? मायक्रोसॉफ्टने त्याची शेवटची आवृत्ती, ९.०, २००४ मध्ये काढली आणि २०१५ च्या जानेवारीत सपोर्टही थांबवला. तरी प्रोग्रॅम रोज बिलं छापतो आणि चोख छापतो, हेही सांगायला हवं.

भानगड सुरू झाली घटस्थापनेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चादरी-टॉवेलसारख्या तयार वस्तूंना तोवर नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता मर्यादा झाली २,५०० रुपये, आणि त्यावरच्या मालाला १८ टक्के. कर ठरवायचं काम प्रोग्रॅममध्ये एकाच प्रोसीजरकडे, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याकडे होतं. तिला इथे ‘दरकाढ’ म्हणू. (मूळ नावं इंग्रजीत आहेत, वाचायला सोपं जावं म्हणून सगळी मराठीत लिहितो.) मुलीने त्यात १००० चे २५०० केले, १२ चे १८ केले, चार-पाच बिलं छापून पाहिली. सगळी बरोबर.

चुकली ती मालपरतीची क्रेडिट नोट. विजयपूरच्या एका गिऱ्हाईकाने ऑगस्टमध्ये नेलेल्या, १,४०० रुपये नगाच्या ४० चादरी परत केल्या. ५६,००० चा माल. विकताना १२ टक्क्यांनी ६,७२० रुपये कर लावलेला. क्रेडिट नोट निघाली ५ टक्क्यांनी, म्हणजे २,८०० ची. तिकडच्या अकाउंटंटचा फोन आला, की बाकीचे ३,९२० कोणाच्या खात्यावर टाकायचे ते सांगा. बरोबरच होतं त्याचं. क्रेडिट नोट मूळ बिलाला चिकटलेली असते, तिला दर मूळ बिलाच्या वेळचाच लागतो.

कारखान्याचे हिशेब बघणारे काका मला म्हणाले, “बिलं तर बरोबर निघायलीत की ओ सर. परतीचंच गणित चुकायलंय. एक आकडा बदलला तर दुसरीकडं काय म्हणून बिघडावं?”

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर दरकाढच्या पहिल्या ओळीत नव्हतं, हीच अडचण.

पहिली ओळ अशी होती :

    पॅरामीटर्स भाव, एकक, नग, राज्य_बिल, राज्य_माल, माल_कोड, परत, छाप, टक्के

नऊ पॅरामीटर, म्हणजे प्रोसीजरला बोलावताना कंसात घालून पाठवायच्या नऊ गोष्टी. कोणीही बघून म्हणेल, बापरे, केवढी यादी. मालकांच्या ओळखीचा पुण्याचा एक डेव्हलपर फोनवर तेच म्हणाला होता : नऊ पॅरामीटर म्हणजे वाईट डिझाइन, एक ‘बिल’ नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे सगळ्या माहितीचं एकच गाठोडं, करा आणि ते सगळीकडे पाठवा. ह्या सल्ल्याकडे पुढे येतो. पण ही यादी लांब आहे हा तिचा खरा दोष नव्हताच. ती अपुरी होती. करासाठी लागणारी तारीख तिच्यात नव्हती. आत कुठेतरी प्रोसीजर स्वतःच घड्याळ बघून आजची तारीख घेत होती. आजचं बिल आज निघतं तोवर हे खपतं, आणि दर आठ वर्षं हललेच नाहीत म्हणून आठ वर्षं खपलं.

मुलीने पहिली दुरुस्ती केली ती कोणीही करील अशीच. दहावा पॅरामीटर वाढवला, ‘तारीख’. इथे फॉक्सप्रोची एक सवय आडवी येते. प्रोसीजरला दहा पॅरामीटर जाहीर केले आणि बोलावणाऱ्याने नऊच पाठवले, तर फॉक्सप्रो तक्रार करत नाही. दहाव्यात मुकाट ‘खोटं’ ही लॉजिकल किंमत भरतो. खोट्याची तारखेशी तुलना करायला गेलं की मात्र प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. तो थांबू नये म्हणून तिने लिहिलं : तारीख आली नसेल तर आजची धर.

माझ्या मते ह्या प्रकरणातली सगळ्यात महाग ओळ हीच. प्रोग्रॅम जागोजागी थांबला असता तर दरकाढला कोण कोण बोलावतं त्याची यादी आयती मिळाली असती. ‘आजची धर’ लिहिल्यावर जिथे जिथे बदल करायचा राहिला, तिथे तिथे जुनाच चुकीचा हिशेब बिनबोभाट चालू राहिला. आणि राहिला होताच. तिने प्रोग्रॅमच्या साध्या फाइलींत शोध घेतला होता, पण फॉक्सप्रोचे फॉर्म आणि रिपोर्ट ही मुळात टेबलंच असतात आणि त्यांतला कोड मेमो फील्डमध्ये (लांब मजकूर साठवायच्या रकान्यात) बसलेला असतो. मालपरतीच्या रजिस्टरचा रिपोर्ट एका रकान्याच्या एक्स्प्रेशनमधून थेट दरकाढला बोलावत होता. साध्या शोधात तो दिसणार कसा? त्यामुळे क्रेडिट नोट १२ टक्के दाखवू लागली आणि तिचंच रजिस्टर ५ टक्के. काकांनी महिन्याची बेरीज मारली तेव्हा ती जुळेना. मग मला बोलावणं आलं.

बारापट नॅपकिन

मी पोचेपर्यंत आणखी एक गंमत होऊन गेली होती. ती जरा सविस्तर सांगतो, कारण पॅरामीटर कसा पाठवला जातो हे विसरलं की काय होतं त्याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो.

नॅपकिन डझनावर विकला जातो, आणि कराची मर्यादा नगावर आहे. म्हणून दरकाढच्या आत हे होतं :

    जर एकक = "डझन"
        भाव = भाव / १२

दिसायला निरुपद्रवी. पण फॉक्सप्रोमध्ये एकच प्रोसीजर दोन तऱ्हांनी बोलावता येते. ‘डू दरकाढ विथ भाव, ...’ असं लिहिलं तर व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) रेफरन्सने जातं, म्हणजे आत भाव बदलला की बोलावणाऱ्याकडचा भावही बदलतो. ‘दरकाढ(भाव, ...)’ असं फंक्शनसारखं लिहिलं तर मुळात फक्त किंमत जाते, बोलावणाऱ्याचा भाव शाबूत राहतो. प्रोसीजर तीच, पॅरामीटर तेच, परिणाम वेगळा. कुठेतरी एखादी सेटिंगची ओळ असली तर दुसऱ्या तऱ्हेचं वागणंही बदलतं, पण ह्या प्रोग्रॅममध्ये सुदैवाने ती नव्हती.

बिलाचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा बिलं करणारा भाग, पहिल्या तऱ्हेने बोलावत होता. म्हणजे बोलावणं संपल्यावर ५४० रुपये डझनाचा भाव ४५ होऊन बसायचा. मूळ लेखकाला हे माहीत असणार, कारण पुढची ओळ अशी होती :

    रक्कम = भाव * १२ * डझन

कॉमेंट नाही, काही नाही. मालपरतीचं मॉड्यूल दुसऱ्या तऱ्हेने बोलावायचं, तिथे भाव ५४० च राहायचा आणि पुढे साधं ‘भाव * डझन’ लिहिलेलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर! मुलीने तारखेचा पॅरामीटर घालताना सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून बिलातलं ‘डू’ काढून फंक्शनसारखं बोलावलं. चांगल्या सवयीनेच केलं. दुसऱ्या दिवशी २० डझन नॅपकिनचं १०,८०० रुपयांचं बिल १,२९,६०० चं निघालं.

ही चूक लगेच सापडली. बारापट बिल कोण सहन करील? पण तिचं मूळ तिने बदललेल्या ओळीत नव्हतं. बोलावणारा आणि बोलावलेला ह्यांच्यात एक अलिखित करार होता : ‘मी तुझा भाव बिघडवीन, तू तो परत नीट कर.’ असा करार कंसात दिसत नाही, नावात दिसत नाही, तो फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि ते डोकं आता पुण्यात.

म्हणून आत आलेल्या पॅरामीटरवर पुन्हा किंमत चढवायची नाही, हा नियम मी कुठल्याही भाषेत पाळतो. आत वेगळं व्हेरिएबल घ्यावं, ‘नगभाव’ म्हणावं, त्याला बारांनी भागावं. भाषा रेफरन्सने पाठवो की किंमतीने, फरक पडत नाही. पायथन भाषेत लिहिणारे इथे हसतील आणि आमच्यात असलं नसतं म्हणतील. पायथनमध्ये आत नुसतं ‘भाव = भाव / १२’ केलं तर बाहेर खरंच काही होत नाही. पण लिस्ट किंवा डिक्शनरी पाठवून आत तिच्यातली नोंद बदला, बाहेरचीही बदलते. खोड तीच.

यादी आधी लांब करू

बिलिंग बंद ठेवणं शक्य नव्हतं, दिवाळीचा माल सुटत होता. त्यामुळे ‘सगळं पायथनमध्ये नव्याने लिहू’ हा विषय मालकांनी काढला तेव्हा तो मार्चनंतर बघू म्हणून बाजूला ठेवला. आधी मी आणि ती मुलगी दरकाढची एकेक ओळ घेऊन बसलो आणि एकच प्रश्न विचारत गेलो : ह्या ओळीला जे लागतं ते कंसातून आलंय की दुसरीकडून?

आजची तारीख तर होतीच. शिवाय ‘सूट’ नावाचं एक व्हेरिएबल आत वापरलं जात होतं आणि ते कुठेच जाहीर केलेलं नव्हतं. फॉक्सप्रोमध्ये न जाहीर करता किंमत दिलेलं व्हेरिएबल प्रायव्हेट धरलं जातं, आणि प्रायव्हेट ह्या नावाने फसायला होतं : ज्या प्रोसीजरमध्ये ते जन्मलं तिथून खाली बोलावलेल्या प्रत्येक प्रोसीजरला ते दिसतं. म्हणजे दरकाढमधली सूट कोणती, हे तिला कोणी बोलावलं त्यावर ठरायचं. बिलाच्या मॉड्यूलमध्ये सूट टक्क्यांत होती. मालपरतीच्या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल एकूण रुपयांत. दरकाढमध्ये ‘परत खरं असेल तर सूट नगांनी भाग, नाहीतर टक्के धरून वजा कर’ अशी गाठ मारलेली होती. ‘नग’ आणि ‘परत’ हे दोन पॅरामीटर मुख्यतः एवढ्यासाठी जन्माला आले होते. आणि ज्याची गाठ इतक्या खटपटीने मारली ती वजाबाकी होऊन निव्वळ भाव यायचा तो फक्त छापण्यापुरता. कराची मर्यादा सूट वजा न केलेल्या भावालाच लागत होती.

कंपनीचं राज्य एका पब्लिक, म्हणजे प्रोग्रॅमभर कुठूनही दिसणाऱ्या व्हेरिएबलमध्ये होतं. मालाचा एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा कोड) तर कुठल्याच व्हेरिएबलमध्ये नव्हता. त्या क्षणी जे टेबल निवडलेलं असेल आणि त्यात पॉइंटर ज्या रेकॉर्डवर असेल, तिथून तो उचलला जायचा. माझ्या अनुभवात फॉक्सप्रोमधला सगळ्यात धोकादायक पॅरामीटर हाच : सध्याचं टेबल आणि सध्याची जागा. शिवाय दरकाढ आत दुसरं टेबल निवडायची आणि परत जाताना पहिलं निवडून द्यायला विसरायची. काही मॉड्यूलांत बोलावल्याबरोबर ‘सिलेक्ट बिल’ अशी ओळ होती, काहींत नव्हती. आणि शेवटचं म्हणजे स्ट्रिंगच्या तुलनेची सेटिंग. ती बंद असली की एक ‘=’ उजवीकडची अक्षरं संपेपर्यंतच तुलना करतं, त्यामुळे लांबडा माल_कोड आखूड कोडशी जुळल्याचं दाखवतो. तिथे दोन ‘==’ लिहिले की सेटिंग काहीही असली तरी फरक पडत नाही. म्हणून सांगतो, सेटिंगही पॅरामीटरच.

जाहीर केलेले नऊ आणि हे पाच, असे चौदा निघाले. मी म्हटलं, आता हे सगळे कंसात लिही.

ती बघतच राहिली. “सर, हे तर अजून घाण झालं. आपण कमी करायला बसलो होतो ना?”

घाण झालं खरं. पण ती घाण आधीही होती, फक्त दिसत नव्हती. चौदा पॅरामीटरची ती ओळ दोन-तीन दिवस प्रोग्रॅममध्ये राहू दिली. तेवढ्यात तिने प्रत्येक बोलावण्याची जागा शोधून काढली, फॉर्म-रिपोर्टच्या टेबलांतल्या मेमो फील्डमध्येही शोध घेतला, आणि एकही पॅरामीटर कमी आला तर प्रोसीजर मोठ्याने एरर देईल अशी तपासणी पहिल्याच ओळीत घातली. किती पॅरामीटर आले ते फॉक्सप्रो पीकाउंट फंक्शनने सांगतो, त्याचा एवढा उपयोग करून घ्यावाच.

सगळे उघड्यावर आल्याचा पहिला फायदा अनपेक्षित जागी झाला. चाटी गल्लीतला एक व्यापारी माल स्वतःकडे न घेता थेट कलबुर्गीच्या त्याच्या गिऱ्हाईकाकडे पाठवायला सांगतो. बिल व्यापाऱ्याच्या नावाने, म्हणजे राज्य क्रमांक २७. माल उतरतो कर्नाटकात, क्रमांक २९. अशा व्यवहारात ज्याच्या सांगण्यावरून माल गेला त्याचं ठिकाण धरलं जातं, म्हणजे हा महाराष्ट्रातलाच पुरवठा आणि कर सीजीएसटी (केंद्राचा) व एसजीएसटी (राज्याचा) असा निम्मा-निम्मा. एका फॉर्ममधून मात्र राज्य_बिल आणि राज्य_माल उलटे पाठवले जात होते. दोन्ही दोन अंकी आकडे, शेजारी शेजारी. फॉक्सप्रोच काय, इतर बहुतेक भाषांचा कंपायलरही (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) अशा अदलाबदलीवर काही बोलणार नाही. ८४,००० च्या मालावर २,१०० आणि २,१०० ऐवजी ४,२०० आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर) लागला. एकूण रक्कम तीच! म्हणून व्यापाऱ्याने काही म्हटलं नाही, काकांच्या बेरजेतही खटकलं नाही. बहुतेक बिलांत दोन्ही राज्यं सारखीच असल्यामुळे अदलाबदल दिसायला मुळात संधीच कमी.

चुकीच्या सदरात भरलेला कर बरोबर सदरात पुन्हा भरायचा आणि आधीचा परत मागायचा, अशी सोय केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे आणि त्यावर व्याज लागत नाही. ते सीएंनी पुढे निस्तरलं. पण पैसे अडकतात ते अडकतातच.

मग यादी आपोआप आटली

आता पुण्याच्या सल्ल्याकडे. चौदा पॅरामीटर एका बिल ऑब्जेक्टमध्ये गुंडाळले असते तर कंसात एकच नाव राहिलं असतं आणि ओळ सुबक दिसली असती. पण दरकाढला नेमकं काय लागतं ते पुन्हा दडलं असतं. बिलात ट्रान्सपोर्टचं नाव आहे, गाडी नंबर आहे, एजंटचं कमिशन आहे. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याला घराच्या किल्ल्यांचा जुडगा देण्यातलाच हा प्रकार. आज तो फक्त मीटर बघेल. उद्या घाईत कोणीतरी दरकाढमध्ये एजंटच्या कमिशनवरून एखादी अट टाकेल आणि कंसावरून ते कधीच कळणार नाही. शिवाय एवढ्याशा दराची चाचणी घ्यायला आख्खं बिल तयार करावं लागेल. सॉफ्टवेअर डिझाइनवर लिहिणारे लॅरी कॉन्स्टंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉड्यूलं एकमेकांत कशी गुंततात (कपलिंग) ते १९७४ मध्ये लिहिलं, पुढे त्यातून झालेल्या वर्गीकरणातही गरजेपेक्षा मोठी रचना पाठवणं हा वेगळा, सुट्या माहितीपेक्षा वाईट प्रकार मानला आहे आणि ‘परत’, ‘छाप’ अशा खऱ्या-खोट्याच्या झेंड्यांनी दुसऱ्याच्या आतलं काम हाकणं त्याहून वाईट. पन्नास वर्षांनी त्यात मला दुरुस्ती सुचत नाही. एकत्र राहणाऱ्या गोष्टी जरूर एकत्र बांधाव्यात, भाव आणि त्याचं एकक हे तसं जोडपं आहे. पण यादी लांब दिसते एवढ्या कारणासाठी गाठोडं बांधू नये.

आम्ही उलटीकडून गेलो. दरकाढ नक्की किती प्रश्नांची उत्तरं देते? मोजले तर तीन : नगाचा निव्वळ भाव किती, त्याला दर कोणता, आणि तो कर कोणत्या सदरात. तीन वेगळी फंक्शनं केली.

निव्वळ भावाचं काम मधेच थोडं अडलं, आणि तिथे प्रश्न कोडचा नव्हता, व्यवहाराचा होता. २,६०० रुपयांच्या चादरीवर बिलातच ५ टक्के सूट दिली तर भाव २,४७० होतो. मर्यादा लागायची कशाला? २,६०० ला धरलं तर १८ टक्क्यांनी ४६८ रुपये, २,४७० ला धरलं तर ५ टक्क्यांनी १२३ रुपये ५० पैसे. जुनी दरकाढ २,६०० च बघत होती. सीएंनी सांगितलं, बिलावरच दाखवलेली सूट मूल्यातून वजा होते. वर्षअखेरीला उलाढालीवर देतो ती सूट मात्र तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी ठरलेली आणि बिलाबिलाशी जोडता येणारी असल्याशिवाय नाही. म्हणून निव्वळ भावाच्या फंक्शनला ‘बिलावरची_सूट’ असा पॅरामीटर दिला, नुसता ‘सूट’ नाही, आणि तो नेहमी नगामागे रुपयांत. टक्के असोत की एकूण रक्कम, रूपांतर बोलावणाऱ्याने करायचं. नाव लांबलं, लांबू दे.

हे झाल्यावर ‘परत’चा झेंडा आपोआप गळाला. मालपरतीला वेगळी वागणूक लागतच नव्हती. तिला मूळ बिलाचा भाव आणि मूळ बिलाची तारीख मिळाली की ती इतरांसारखीच. माझा असा आडाखा आहे, की प्रोसीजरला ‘तू कोणत्या प्रसंगात आहेस’ हे सांगणारा झेंडा दिसला की तिला हवी असलेली एखादी खरी माहिती पोचत नाहीये असं समजावं. ‘छाप’ काढून टाकला, संदेश दाखवायचा तर बोलावणाऱ्याने दाखवावा. ‘टक्के’ हा बाहेर जाणारा पॅरामीटर होता, तो फंक्शनचं उत्तर झाला. राज्यांचे तिन्ही पॅरामीटर सदराच्या फंक्शनकडे गेले, तिथेही दोन राज्यं शेजारी पाठवायची नाहीत असं ठरवलं. पुरवठ्याचं ठिकाण एकाच जागी ठरतं आणि पुढे तेवढंच जातं. उरलं ते हे :

    दरकाढ(एचएसएन, निव्वळ_नगभाव, मूळ_बिल_तारीख)

आणि दर कोडमधून उचलून एका छोट्या टेबलात ठेवले :

    लागू तारीख | मर्यादा | मर्यादेपर्यंत | मर्यादेवर
    १-७-२०१७ | १,००० | ५ | १२
    २२-९-२०२५ | २,५०० | ५ | १८

टॉवेलसारखे एचएसएन ६३०२ मधले माल ह्या दोन ओळींत भागतात. पुढे सरकारने पुन्हा दर हलवले तर काकांनी एक ओळ वाढवायची, प्रोग्रॅमला हात लावायचं कारण नाही.

नवं फंक्शन एकदम चालू केलं नाही. जुनी चौदा पॅरामीटरची दरकाढ बिल छापत राहिली, नवी तिच्याशेजारी चालून फक्त आपलं उत्तर एका टेबलात लिहीत राहिली, दोघींची उत्तरं वेगळी आली तर चौदाही किमतींसकट. फरक आले ते अपेक्षेप्रमाणे जुन्या बिलांच्या परती, बिलावर सूट असलेला महाग माल आणि कलबुर्गीसारखे व्यवहार, एवढ्यातच. काकांनी प्रत्येक फरक हाताने तपासला. त्यांनी आणलेल्या उदाहरणांचीच मुलीने चाचण्यांची यादी केली : २१ सप्टेंबरला १,००० रुपये आणि १,००१ रुपये, २२ ला नेमके २,५०० आणि त्यावर एक रुपया, ऑगस्टमधले १,४०० ऑक्टोबरमध्ये परत, ५४० रुपये डझन. मर्यादा ‘पर्यंत’ अशी असल्यामुळे नेमक्या २,५०० ला ५ टक्केच, ही गोष्ट काकांनी दोनदा विचारून घेतली.

तिने हौसेने तेच फंक्शन पायथनमध्येही लिहून ठेवलंय, मार्चनंतरच्या तयारीला. त्यात कंसात सुरुवातीलाच एक तारांकन घातलं, म्हणजे पुढचा प्रत्येक पॅरामीटर नाव घेऊनच पाठवावा लागतो, अदलाबदलीची भीती राहत नाही. रकमेसाठी फ्लोटऐवजी (त्यात दशांश अंदाजे साठतात) डेसिमल घेतलं, ते मी सुचवायच्या आधीच. तारखेला डीफॉल्ट, म्हणजे न पाठवल्यास आपोआप धरायची, किंमत दिलेली नाही.

जॉबवर्कचं मॉड्यूल मात्र अजून जुनीच दरकाढ वापरतं. शिलाई बाहेर देण्याचा व्यवहार हा सेवेचा, त्याचे दर वस्तूंच्या दरापेक्षा वेगळे, आणि ते मॉड्यूल दरकाढला बोलावून उत्तर टाकून देतं असं दिसतं. मग बोलावतं कशाला? बहुधा आत निवडलं जाणारं टेबल त्याला पुढे लागतं म्हणून, पण ऐन हंगामात ते काढून बघायची कोणाची तयारी नव्हती. जुनी दरकाढ ‘दरकाढ_जुनी’ ह्या नावाने तेवढ्यापुरती ठेवली आहे, जॉबवर्कशिवाय दुसऱ्या कोणी बोलावलं तर ती एरर देते, आणि ती कधी काढायची ते सीएंचं मार्चअखेरचं काम उरकल्यावर ठरेल.